वय वाढलं की जात दिसेनाशी होते म्हणे!

एक मेला इथली मराठी मंडळी एकत्र जमतात. चंदीगड, मोहाली, पंचकुला, खरड असे चार दिशांना विखुरलेले आम्ही वर्षातून एकदा एका सभागृहात बसतो, बटाटेवडे खातो, महाराष्ट्र गीत म्हणतो आणि घरी जातो. मी खरडला राहते. (मराठी कानाला हे नाव विचित्रच लागतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई म्हणाली, तुला गाव बरोबर मिळालं, नावातच खरडपट्टी आहे.) यंदाच्या कार्यक्रमात एका निवृत्त अधिकाऱ्यांचं भाषण ठेवलं होतं. विषय होता, वयाने मला काय शिकवलं. माणूस बोलायला चांगला, आवाज मऊ. माफ करायला शिका, ते म्हणाले. जुनं धरून ठेवू नका. पैसा म्हणजे सगळं काही नाही. लोक काय म्हणतील हे मनातून काढून टाका. नाही म्हणायला शिका. आणि शेवटी, जरा थांबून : तरुणपणी माणसाला जातपात दिसते, वय वाढलं की फक्त माणूस दिसतो. टाळ्या पडल्या.

नंतर चहाच्या टेबलाशी तेच गृहस्थ भेटले. नाव काय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. आडनाव? सांगितलं. आमच्याकडे हे आडनाव दोन-तीन समाजांत सापडतं, त्यामुळे त्यांचं काम झालं नाही. मूळचे कुठले? तालुका सांगितला. गावात कुठे, म्हणजे कोणत्या भागात? मी म्हटलं, काका, वस्तीत. नवीन विहाराच्या मागे. "अच्छा, अच्छा," ते म्हणाले, आणि मग अगदी मनापासून, "छान आहे. तुम्ही लोक शिकताय, पुढे येताय, बरं वाटतं." ज्या माणसाला जात दिसेनाशी झाली होती, त्याला ती शोधायला चार प्रश्न लागले. मी तसं बोलून दाखवलं. ते रागावले नाहीत, हसले. "तुझं वयच आहे रागवायचं. चाळिशी येऊ दे, कळेल."

हा लेख त्या काकांवर नाही. ते भले असतील. हा लेख त्या 'कळेल'वर आहे.

वाढत्या वयाबरोबर माणूस काय काय शिकतो याच्या याद्या आपण सगळेच वाचतो. सकाळी गुलाबाच्या फुलासकट मोबाइलवर येतात, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत येतात, निरोप समारंभांत ऐकू येतात. त्यांची एक गंमत आहे. यादीतला प्रत्येक धडा हा काहीतरी सोडून देण्याचा असतो : राग सोडा, हिशेब सोडा, अपेक्षा सोडा. सोडण्यासाठी आधी हातात काही असावं लागतं, हे मात्र यादीत कुठेच नसतं. पैसा म्हणजे सगळं काही नाही, हे वाक्य दर महिन्याच्या एक तारखेला पेन्शन जमा होणारा माणूस म्हणतो. नाक्यावर पहाटे कामासाठी उभा राहणारा साठीचा मजूर हे वाक्य म्हणत नाही, आणि त्याने ते म्हटलं नाही म्हणून तो कमी शहाणा ठरत नाही. लोक काय म्हणतील याची पर्वा सोडायची चैन त्याला परवडते, ज्याच्याबद्दल लोकांनी काहीही म्हटलं तरी त्याची भाड्याची खोली जात नाही. नाही म्हणायला शिका, हा तर मला सर्वांत आवडणारा धडा. आमच्या बापजाद्यांनी 'नाही' म्हणायला सुरुवात केली, मेलेली ढोरं ओढणार नाही, येसकरपाळी करणार नाही म्हणाले, तेव्हा गावोगाव बहिष्कार पडले. त्या 'नाही'ला कुणी जीवनाचा धडा म्हटलं नव्हतं. माज म्हटलं होतं.

आणि जात दिसेनाशी होण्याचं म्हणाल तर त्याचं एक साधं स्पष्टीकरण आहे. वयाच्या साठीपर्यंत जातीकडून जे जे मिळायचं ते मिळून गेलेलं असतं. शाळेत पहिल्या बाकावरची जागा मिळाली, वशिल्याचे चार फोन मिळाले, घर कुणाच्या शेजारी घ्यायचं ते ठरवता आलं, मुलाला बायकोही मिळाली. भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या दोन्ही फेऱ्यांत आंतरजातीय लग्नांचं प्रमाण शंभरात पाचच्या आसपासच निघालं होतं, म्हणजे उरलेल्या पंचाण्णव घरांत लग्न ठरवताना वडीलधाऱ्यांना जात स्पष्ट दिसत होती, चष्मा न लावताही. सगळी वसुली संपल्यावर दुकानाची पाटी उतरवायची आणि म्हणायचं, आम्ही कधी व्यापार केलाच नाही.

पण याच्याही आधीचा एक प्रश्न आहे. म्हातारपणी शिकायचे धडे शिकायला म्हातारं व्हावं लागतं. ते कोण होतं?

यूएन विमेनच्या २०१८ सालच्या अहवालात एक आकडा होता, तेव्हा बराच गाजला होता : भारतात दलित स्त्रीचं मृत्यूच्या वेळचं सरासरी वय उच्चजातीय स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला इथे थांबून सांगितलं पाहिजे, की मृत्यूचं सरासरी वय आणि आयुर्मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या समाजात लहान मुलं जास्त, तिथे पहिला आकडा आपोआप खाली येतो, त्यामुळे या एका आकड्यावर सगळी इमारत उभी करू नये. ठीक. मग आयुर्मानच घेऊ. संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी नऊ राज्यांतल्या आरोग्य सर्वेक्षणाच्या आधारे केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचं आयुर्मान चार वर्षांहून अधिक कमी, दलितांचं तीन वर्षांहून अधिक कमी, मुस्लिमांचं सुमारे एक वर्ष कमी. आणि यातली निम्म्याहून कमी तफावत आर्थिक स्थितीने समजावता येते. उरलेली गरिबीच्या नावावर खपवता येत नाही. महाराष्ट्र आणि पंजाब त्या नऊ राज्यांत नाहीत, पण आपण काही वेगळ्या ग्रहावर राहत नाही.

माझी आजी ५२ व्या वर्षी गेली. निदान घरचे तरी ५२ धरतात, जन्माची नोंद कुणी केली नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात खुरपलं, सात बाळंतपणं, चार पोरं जगली. साठीनंतर शिकायच्या दहा गोष्टी वगैरे वाचताना मला हटकून ती आठवते. तिने काय शिकायचं बाकी ठेवलं होतं? आणि ती काही शिकली असेल, तर ते कोणत्या पुरवणीत छापलं?

आता वडीलधाऱ्यांच्या मानाचं बघू, कारण 'कळेल' या शब्दाचं सगळं वजन त्यावर उभं आहे. वय वाढलं की मान वाढतो, ही आपली संस्कृती असं सांगतात. कोणाची? मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सरळ लिहिलेलं आहे की दहा वर्षांचा ब्राह्मण आणि शंभर वर्षांचा क्षत्रिय यांना पिता-पुत्र समजावं, आणि त्यातला पिता ब्राह्मण. थोडं पुढे असंही की शूद्राला मान मिळेल, पण आयुष्याच्या दहाव्या दशकात पोहोचल्यावर. म्हणजे नव्वदी ओलांडा, मग बघू. त्याच अध्यायात पुढे मोठेपणाच्या मोजपट्ट्या दिल्या आहेत : ब्राह्मणांत ज्ञानाने, क्षत्रियांत पराक्रमाने, वैश्यांत धनधान्याने, आणि शूद्रांत फक्त जन्माच्या क्रमाने. ज्यांना शिकायची बंदी, त्यांच्यात आधी कोण जन्मला एवढंच मोजायचं. दुसरं मोजण्यासारखं काही ठेवलंच नाही.

हे पोथीतच राहिलं असतं तर गोष्ट वेगळी. गावात ते रोज पाळलं जात होतं. पाटलाच्या घरातलं आठ वर्षांचं पोर सत्तरीच्या म्हाताऱ्याला 'ए' करून नावाने हाक मारायचं आणि तो म्हातारा त्याला 'जोहार मायबाप' म्हणायचा. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये या जोहाराची दहशत काय होती ते वाचायला मिळतं. नव्या सुनेकडून नकळत चूक झाली तर सासऱ्याला बोलणी खावी लागायची. (बेबीताईंनी ते लिखाण कित्येक वर्षं घरातल्यांपासून लपवून ठेवलं होतं, हेही इथे सांगते, कारण आपल्या घरातले 'वडीलधारे' हाही या लेखाचा विषय आहे.) 'जोहार'च्या जागी 'जय भीम' आला, आणि तो रुजवणारे बाबू हरदास एल. एन. १९३९ साली ३५ व्या वर्षी गेले. चाळिशी त्यांनी पाहिलीच नाही. त्यांना काय कळायचं राहिलं होतं?

याच मनुस्मृतीतला एक श्लोक मात्र शाळेच्या भिंतींवर लिहिलेला असतो. केस पिकले म्हणून माणूस मोठा होत नाही, जो अध्ययन करतो तो तरुण असला तरी मोठा, अशा अर्थाचा. छान वाटतो. भिंतीवर लिहिणारे त्याच्या लगेच आधीचा श्लोक, शूद्रांना जन्मक्रमावर सोडणारा, कधी लिहीत नाहीत. आणि अध्ययन म्हणजे कशाचं, ते कुणाला करता येत होतं, हेही सांगत नाहीत.

धम्मपदात जवळजवळ तोच विचार येतो, केस पांढरे झाले म्हणून कुणी थेर होत नाही. पण पुढची वाट वेगळी आहे. ज्याच्याजवळ सत्य आहे, धम्म आहे, अहिंसा आहे, संयम आहे तो थेर. नुसतं वय पिकलेल्यासाठी तिथे शब्द आहे मोघजिण्ण, म्हणजे फुकट म्हातारा झालेला. वाचल्यावर मी दोन दिवस हा शब्द मनातल्या मनात लोकांना लावत फिरत होते, हे कबूल करते. सांगायचं एवढंच, की वय आणि शहाणपण यांची गाठ कशी बांधायची यावर या देशात फार जुना वाद आहे आणि त्यात दोन बाजू आहेत. चहाच्या टेबलाशी 'कळेल' म्हणणारे काका त्यातल्या एका बाजूला उभे असतात, त्यांना ठाऊक असो वा नसो.

आपल्या बाजूचा इतिहास तर वडिलांचे धडे न शिकलेल्या मुलांचाच आहे. १८४८ साली जोतीराव २१ वर्षांचे होते. ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत चालत असताना त्यांना अपमान करून हाकललं गेलं, ही हकीकत सगळ्यांना पाठ आहे. त्या रात्री घरी काय झालं त्याबद्दल कमी बोललं जातं. धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात गोविंदराव मुलाची समजूत घालतात. पेशवाईतल्या शिक्षांची आठवण करून देतात. नुसतं हाकलून दिलं यातच सुदैव मान, असा त्या बोलण्याचा रोख. गोविंदराव वाईट बाप नव्हते. त्यांनी पाहिलेल्या पुण्यातून निघालेला तो अगदी खरा, अनुभवाचा धडा होता. जोतीरावांनी तो घेतला असता तर मुलगा शहाणा निघाला असं सगळ्यांनी म्हटलं असतं. त्याच वर्षी त्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, आणि पुढच्या वर्षी सावित्रीबाईंसह त्यांना बापाचं घर सोडावं लागलं.

त्यांच्या शाळेत शिकलेली मांग समाजातली मुक्ता साळवे १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये लिहिते. वय १४. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना ती विचारते की ज्यांना वेदाचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, आणि ज्या धर्माचा लाभ एकालाच मिळतो तो धर्म पृथ्वीवरून नष्ट होवो, असं म्हणायला कचरत नाही. चौदाव्या वर्षी हे कळायला तिला कोणत्या चाळिशीची वाट पाहावी लागली नाही. धडे आमच्याकडे उशिरा येतच नाहीत. भिमराव नऊ-दहा वर्षांचा असताना भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाला आणि मसूर स्टेशनावर अडकला, ही १९०१ ची गोष्ट. दुप्पट भाडं घेऊनही गाडीवान त्या मुलांना हाकायला तयार नव्हता. गाडी पोरांनी हाकली, तो बाजूने चालत राहिला, आणि रात्रभर कुणी पाणी दिलं नाही. बाबासाहेब लिहितात की आपण अस्पृश्य आहोत हे त्याआधीही माहीत होतं. शाळेत बसायला घरून आणलेलं गोणपाट होतंच. या प्रवासाने पूर्वी कधी बसला नव्हता असा धक्का दिला. आता सांगा, ज्याला हे नवव्या वर्षी कळतं, त्याला चाळिशीत कळायचं काय शिल्लक राहतं? जो 'कळेल' म्हणतो तो खरं तर म्हणतो, थकशील.

आणि कधीकधी थकायलाही वेळ मिळत नाही. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला तेव्हा २६ वर्षांचा होता. तेरा दिवसांनी सत्तावीस पूर्ण झाली असती. डॉ. पायल तडवी मे २०१९ मध्ये मुंबईत गेली तेव्हा तीही २६ ची. रोहित गेला तेव्हा मी बी.ए.ला होते आणि तो मला दादा वाटायचा. आता मी २८ ची आहे. तो दादा माझ्याहून लहान झाला आहे. वय वाढण्याचा हा एक अनुभव माझ्याकडेही आहे, पण तो कुठल्या यादीत बसेल असं वाटत नाही.

विद्यापीठात हा धडा जरा सभ्य भाषेत मिळतो. माझ्या एका ज्युनिअर मुलीला तोंडी परीक्षेत जे विचारलं गेलं त्याची तक्रार आम्ही दोघींनी मिळून लिहिली होती. दोनदा लिहिली, दोनदा फाडली. एका वरिष्ठ, अत्यंत पुरोगामी, भाषणांत बाबासाहेबांचे दाखले देणाऱ्या प्राध्यापकांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, मीही तुमच्या वयात असाच होतो, नंतर समजलं की लढाया निवडाव्या लागतात. मी तेव्हा मान हलवली. हे लिहिताना त्याचीच जास्त लाज वाटते. त्यांच्या तरुणपणीच्या लढाया कोणत्या होत्या हे विचारायचं राहून गेलं. जातीची लढाई निवडता येते, हेच ज्याला वाटतं त्याची ती लढाई नसते. ज्युनिअर मुलीला तोंडी परीक्षेत बसताना आपण कोण हे निवडायची मुभा नव्हती.

खरडमध्ये राहण्याचा एक फायदा असा की इथून रोपड जवळ. खरड हे २००६ पर्यंत रोपड जिल्ह्यातच होतं, मग मोहाली जिल्हा वेगळा झाला. आणि रोपड म्हणजे मान्यवर कांशीराम यांचा जिल्हा. कुराळीवरून जाणाऱ्या बसमध्ये बसलं की मला नेहमी उलटा प्रवास आठवतो. मी महाराष्ट्रातून इकडे आले ती पंजाबातल्या जातीचा अभ्यास करायला. ते इथून पुण्याला गेले आणि जात तिथे शिकले. मी ज्यांच्या मुलाखती घेते त्या वृद्धांना हे सांगितलं की त्यांना मजा वाटते.

१९३४ चा जन्म, रोपडच्या सरकारी महाविद्यालयातून विज्ञानाची पदवी, आणि पुण्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत नोकरी. शीख रामदासिया कुटुंबातल्या या तरुणाला लहानपणी अस्पृश्यतेचे तसे तीव्र चटके बसले नव्हते असं त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलं आहे. तिशीत, चांगल्या नोकरीत, माणूस स्थिरावतो. सगळ्या याद्यांप्रमाणे हे वय स्थिरावण्याचंच. त्या कार्यालयात आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्या रद्द केल्या गेल्या, तेव्हा विरोधात उभे राहिले दीनाभाना. राजस्थानातून आलेले, वाल्मीकी समाजातले, चतुर्थ श्रेणी कर्मचारी. त्यांना निलंबित केलं गेलं. साहेब असलेले कांशीराम त्यांच्या बाजूने उभे राहिले, लढा न्यायालयात गेला, सुट्या परत मिळाल्या, दीनाभानांची नोकरीही परत मिळाली. याच काळात नागपूरकडचे सहकारी डी. के. खापर्डे यांनी त्यांच्या हातात बाबासाहेबांचं 'जातिप्रथेचं निर्मूलन' ठेवलं.

इथे कोण कोणाला शिकवतो ते बघा. पदाने खालचा, जातीच्या उतरंडीतही खालचा, शिक्षणाने कमी माणूस पदवीधर अधिकाऱ्याला शिकवतो. शिकवतो म्हणजे समजावून सांगत बसत नाही. नोकरी पणाला लावतो आणि दुसऱ्याला बाजू घ्यायला भाग पाडतो. कांशीराम यांनी पुढे आईला २४ पानांचं पत्र लिहिलं : लग्न करणार नाही, घरी परतणार नाही, मालमत्ता जमवणार नाही. आता याला याद्यांच्या भाषेत काय म्हणायचं? संतुलन राखा, कुटुंबाला वेळ द्या, असं सांगणाऱ्या शहाणपणाच्या दृष्टीने हा तिशीतला शुद्ध वेडेपणा. या वेड्या माणसाने ४४ व्या वर्षी बामसेफ उभी केली, पुणे करारानंतर ५० वर्षांनी १९८२ मध्ये चमचांच्या युगावर पुस्तक लिहिलं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर सायकलवर बसून गावोगाव फिरला आणि १४ एप्रिल १९८४ रोजी पक्ष काढला. वयाबरोबर त्याचा राग कमी झाला नाही, त्या रागाला संघटनेचा सांगाडा मिळाला. त्यांच्या नंतरच्या राजकीय तडजोडींवर मला पुष्कळ बोलायचं आहे, पण ते इथे नाही.

बामसेफची मूळ कल्पना आठवा. आरक्षणाने नोकरीत गेलेल्यांनी आपला वेळ, बुद्धी आणि पैसा यांतला वाटा समाजाला परत द्यावा. म्हणजे निवृत्ती हा धडा देण्याचा नाही, कर्ज फेडण्याचा काळ. आणि इथेच मला आपल्या माणसांशी भांडायचं आहे. कारण 'कळेल' म्हणणारे फक्त सवर्ण काका नसतात. आपल्यातले निवृत्त अधिकारी, आपले प्राध्यापक, कॉलनीत बंगला बांधलेले आपले मामा-काकाही तेच म्हणतात. जयंतीच्या दिवशी स्टेजवर निळा फेटा, आणि पोरगी वसतिगृहातल्या प्रकाराची तक्रार करायची म्हणाली की, "आधी नोकरी लागू दे, मग बघू." नोकरी लागली की, "आधी कायम होऊ दे." कायम झाली की, "आता पोराबाळांचं बघ." ही वाट सरळ निवृत्तीपर्यंत जाते आणि तिथे 'वयाने मला काय शिकवलं' हे भाषण तयार असतं. मामा, तुम्हाला नोकरी लागली ती कुणीतरी 'आधी' न म्हणता लढलं म्हणून. तुम्ही दिलेला सल्ला त्यांनी ऐकला असता तर तुम्ही हा सल्ला द्यायला या खुर्चीत नसता.

हे लिहिताना मला सारखे पप्पा दिसतात. ते एसटीच्या एका डेपोत मेकॅनिक होते. आम्हा भावंडांना त्यांचे धडे पाठ आहेत. आडनाव विचारल्याशिवाय सांगायचं नाही. कुणाच्या घरी गेलं की पाणी मागायचं नाही, स्वतःची बाटली न्यायची. वाद घालून काही मिळत नाही, सोडून द्यायचं. मी खरडला खोली शोधत होते तेव्हाही त्यांचा फोन आला होता. घरमालकांनी विचारलं तर नुसतं महाराष्ट्रीयन म्हण, पुढे जाऊ नको. गंमत म्हणजे इथे ते चालतं. पंजाबी घरमालकीणबाईंना माझ्या आडनावातलं काहीही वाचता येत नाही. त्यांनी बिरादरी विचारली, मी महाराष्ट्र म्हटलं, त्यांनी शिवाजी महाराज म्हटलं आणि विषय संपला. माझं आडनाव या गावात मुकं आहे. ते बोलायला लागतं फक्त मराठी माणूस समोर आला की.

पप्पांच्या या धड्यांवर मी वर्षानुवर्षं मनातून चिडलेली होते. त्यांना मी गोविंदरावांच्या रांगेत बसवलं होतं. त्या एक मेच्या रात्री त्यांना फोन करून काकांचं भाषण सांगितलं, धरून ठेवू नका म्हणाले, म्हटलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पेटीत एक कागद आहे, तुझ्या संशोधनाला लागेल का बघ.

कागद १९९४ चा. डेपोतल्या माठातून पाणी घेतलं म्हणून एका सहकाऱ्याने सगळ्यांसमोर माठ फोडला होता. पप्पांनी लेखी तक्रार केली होती. ती त्यांच्या हातच्या अक्षरात, खाली तीन साथीदारांच्या सह्या, आणि टाचणी लावून त्याला जोडलेला, शिस्तभंगाबद्दल त्यांनाच दिलेला मेमो आणि दीडशे किलोमीटर दूर केलेल्या बदलीचा आदेश. मी तेव्हा जन्मले नव्हते. आईला माहीत होतं, आम्हाला कधी सांगितलं नाही. तीस वर्षांत चार घरं बदलली, पुरात एकदा अर्धं सामान गेलं, तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला राहिला.

"का ठेवला होतात?" मी विचारलं.

"लागेल म्हणून," पप्पा म्हणाले. "झेरॉक्स पाठवू का मूळ प्रत? आणि तुझ्या त्या खरडला स्पीड पोस्ट नीट पोचतं ना?"